सुरक्षितता, यश आणि जमाखर्च: डिस्ट्रिक्टचं पत्रक वाचायचं कसं?

प्रश्न: आम्ही तीन वर्षांपूर्वी पुण्याहून न्यू जर्सीत आलो आणि गेल्या मार्चमध्ये मिडलसेक्स काउंटीत घर घेतलं. मुलगा चौथीत आहे. या आठवड्यात स्कूल डिस्ट्रिक्टकडून, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेकडून, सगळ्या पालकांना बारा पानी रंगीत पत्रक आलं. आमच्या शाळा किती सुरक्षित, मुलांचं यश किती, पैसा कसा वापरला, असं सगळं त्यात आहे. छळाच्या तक्रारी वर्षभरात फक्त चार, निकाल राज्याच्या सरासरीच्या वर, टॅक्समध्ये जेमतेम २ टक्के वाढ. वाचायला छान वाटलं, पण पटेना. आमचं ऑगस्टचं टॅक्स बिल मेच्या बिलापेक्षा चांगलं ८ टक्क्यांनी जास्त आलं होतं. मागच्या महिन्यात लॉकडाऊन ड्रिल (शाळेत हल्लेखोर शिरला तर लपून बसायचा सराव) झाल्यावर मुलगा दोन रात्री आमच्या खोलीत झोपला. हे म्हणतात, घर शोधताना शाळेला १० पैकी ९ गुण होते ना, मग आता कशाला डोकं शिणवतेस? लवकरच बजेटची जाहीर सुनावणी आहे. आम्ही एच-वन-बीवर, मतदार नाही. तिथे बोलायचा आम्हाला हक्क आहे का? आणि विचारायचं तरी काय?

उत्तर: हक्क आहे. डिस्ट्रिक्टचा कारभार बघणाऱ्या बोर्ड ऑफ एज्युकेशनची निवडणूक लढवायला आणि मत द्यायला नागरिकत्व लागतं, बोलायला लागत नाही. न्यू जर्सीत बोर्डाच्या सभा १९७५ च्या कायद्याने जनतेसाठी खुल्या आहेत आणि प्रत्येक सभेत लोकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवणं बोर्डाला बंधनकारक आहे. नाव आणि गाव सांगायचं, की झालं. व्हिसा कोणता, हे कुणी विचारत नाही.

आता पत्रक. त्यात खोटं बहुधा काही नसेल. पण लग्नाच्या बायोडेटात उंची आणि पगार असतो, डोक्यावरचं कर्ज नसतं, तसंच हे. कोणते आकडे छापायचे हे डिस्ट्रिक्टने ठरवलंय. तुम्हाला त्याच आकड्याचं मूळ कागदपत्र गाठायचंय. न्यू जर्सीत ते जवळजवळ प्रत्येक आकड्यासाठी असतं, फुकट असतं आणि सगळ्या डिस्ट्रिक्टना एकाच साच्यात भरावं लागतं. साचा एक असला की लपवाछपवीला जागा कमी उरते.

आधी मुलाचं बघू. राज्याच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेत शाळा चालू असलेल्या दर महिन्याला एक आगीची ड्रिल आणि एक सुरक्षा ड्रिल होते. म्हणजे चौथीपर्यंत पोचलेल्या मुलाच्या अशा बऱ्याच झालेल्या असतात. तुमच्या मुलाच्याही इथल्या तीन वर्षांत झाल्या असतील. जानेवारी २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने ड्रिलला मर्यादा घातल्या. हा सराव आहे हे मुलांना त्यांच्या वयाला समजेल अशा भाषेत सांगितलं पाहिजे, गोळीबाराचे आवाज किंवा खोटं रक्त वापरायचं नाही, मुलांना जखमी व्हायचं नाटक करायला लावायचं नाही. आणि तुमच्या कामाची गोष्ट ही की, ड्रिल झाली त्याच दिवशी शाळा सुटेपर्यंत पालकांना लेखी कळवलं पाहिजे. हा ईमेल बरेचदा पालकांच्या पोर्टलवर किंवा जाहिरातींच्या ढिगात जाऊन पडतो. त्या तारखेचा ईमेल शोधा. सापडला नाही तर प्रिन्सिपलना दोनच ओळी लिहा: अमुक तारखेला कोणती ड्रिल झाली आणि सुरुवातीला वर्गात कोणते शब्द वापरले? मूल घाबरण्याचं कारण पुष्कळदा त्या शब्दांतच सापडतं. शिक्षिकेने 'दिवे बंद, कोपऱ्यात बसा, आवाज नको' एवढंच सांगितलं आणि 'हा सराव आहे' हे राहून गेलं, तर नऊ वर्षांच्या मुलाने बाकीचं स्वतःच रचलेलं असतं. काउन्सेलरला भेटायची वेळ मागा. त्यासाठी काही गंभीर घडलेलं असावं लागत नाही.

पत्रकातल्या सुरक्षिततेच्या पानावर कॅमेरे, दुहेरी दरवाजे आणि पॅनिक अलार्मचे फोटो असतील. अलार्म ही डिस्ट्रिक्टची मेहेरबानी नाही. फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी गोळीबारात मारल्या गेलेल्या आणि पूर्वी न्यू जर्सीतच राहिलेल्या अलिसा अल्हाडेफच्या नावाने २०१९ मध्ये इथे कायदा झाला आणि सरकारी शाळांत थेट पोलिसांना कळवणारा मूक अलार्म सक्तीचा झाला. सुरक्षा आराखडा मात्र कुणी दाखवणार नाही आणि दाखवूही नये. त्यामागे लागू नका. त्यापेक्षा घरचं एक काम उरका. खरोखर लॉकडाऊन झालं तर मुलांना वेगळ्या जागी नेऊन, फोटो ओळखपत्र पाहून, यादीत नाव असलेल्या माणसाच्याच ताब्यात देतात. उन्हाळ्यात आजी-आजोबा येतात, मुलाला आणायला तेच जातात आणि यादीत त्यांचं नाव नसतं. पासपोर्टवर जसं स्पेलिंग आहे अगदी तसंच त्यांचं नाव इमर्जन्सी काँटॅक्टमध्ये घाला. ओळखपत्र म्हणून त्यांच्याकडे तेवढंच असतं.

'छळाच्या तक्रारी फक्त चार' या ओळीवर थांबा. इथे छळाला सगळे एचआयबी (हॅरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग) म्हणतात. २०११ च्या कायद्याने त्याची व्याख्या, मुदती आणि प्रत्येक शाळेत एक अँटी-बुलिंग स्पेशालिस्ट हे सगळं ठरवून दिलंय. कमी आकड्याचे दोन अर्थ होतात: छळ कमी आहे, किंवा नोंद कमी आहे. दुसरी शक्यता पडताळायला सोपी आहे. सुपरिन्टेंडंटना, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांना, वर्षातून दोनदा जाहीर सभेत हिंसा, तोडफोड, शस्त्रं, नशा आणि छळ यांचे आकडे बोर्डापुढे ठेवावे लागतात. त्या अहवालात तपास केलेली प्रकरणं वेगळी आणि सिद्ध झालेली वेगळी असतात. तपास चाळीस आणि सिद्ध चार, यावरून शाळा निदान तक्रार घेते एवढं तरी कळतं. तपासच चार असतील आणि शाळेत नऊशे मुलं असतील, तर मात्र तक्रार करायची कशी हेच कुणाला ठाऊक नाही असं समजा. शाळेच्या वेबसाइटवर एचआयबी ग्रेड असतो, ७८ पैकी. तो शाळेनेच स्वतःला दिलेल्या गुणांवर बेतलेला असतो, हे लक्षात ठेवून वाचा.

व्याख्येची एक खोच माहीत असू द्या. चेंडूवरून दोन मुलांची मारामारी झाली तर शाळा तिला भांडण म्हणते. पण डब्यातल्या लसणाच्या चटणीच्या वासावरून, नावाच्या उच्चारावरून किंवा रंगावरून कुणी चिडवत असेल, तर ते वंश-वर्णाशी जोडलेलं आहे आणि एचआयबीत येतं. अशा वेळी शिक्षिकेशी गेटवर बोलून भागत नाही. लेखी द्या, 'एचआयबी' हा शब्द त्यात घाला, ३३८ क्रमांकाचा फॉर्म भरा. लेखी तक्रारीपासून शाळेच्या दहा दिवसांत तपास संपवावा लागतो. निकाल बोर्डापुढे गेल्यावर पाच शालेय दिवसांत तुम्हाला लेखी मिळतो. पटला नाही तर ६० दिवसांत बोर्डापुढे सुनावणी मागता येते.

यशाच्या विभागात पुरस्कार, रोबोटिक्सचे करंडक आणि बँडचे फोटो असतात. ती पानं कौतुकाने बघा आणि उलटा. 'राज्याच्या सरासरीच्या वर' या वाक्यावर मात्र जरा थांबा, कारण ही सरासरी फार उंच नाही. २०२४ च्या एनजेएसएलए या राज्याच्या परीक्षेत इंग्रजी आणि गणिताचे गुण ६५० ते ८५० या मापात होते, ७५० ला 'अपेक्षा पूर्ण' मानत, आणि राज्यभरात गणितात तिथे पोचलेली मुलं ४० टक्क्यांच्या आसपास होती. सुशिक्षित, बऱ्या पगाराच्या गावाने ही सरासरी ओलांडली यात शाळेचं कर्तृत्व किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मिडलसेक्समध्ये शनिवारी सकाळी गणिताच्या क्लासबाहेर गाड्यांची रांग लागते, ती कुठल्याच पत्रकात दिसत नाही. घर विकणाऱ्या वेबसाइटवरच्या १० पैकी ९ मध्येही बराच वाटा परीक्षेच्या गुणांचा, आणि म्हणून आईवडिलांच्या पगाराचा, असतो. तुमच्या यजमानांचं चुकलं असं नाही. घराची किंमत समजून घ्यायला तो आकडा ठीक आहे.

शाळेने काय केलं हे बघायचं तर राज्य शिक्षण विभागाचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा आणि 'ग्रोथ'चं पान काढा. तिथे प्रत्येक मुलाची तुलना आधीच्या वर्षी तेवढेच गुण असलेल्या राज्यभरच्या मुलांशी होते आणि शाळेचा मध्यांक देतात. ४० ते ५९.५ म्हणजे ठीक. निकाल ८० टक्के आणि ग्रोथ ३८ अशी शाळा तुम्हाला सापडू शकते. मुलं घरून हुशार आली, पण तेवढेच गुण असलेल्या इतर मुलांपेक्षा कमी पुढे गेली, असा त्याचा अर्थ. इंग्रजीची ग्रोथ चौथी ते आठवीची आणि गणिताची चौथी ते सातवीची मोजतात, म्हणजे तुमचा मुलगा यंदापासून त्यात आहे. एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका, तीन वर्षांचे शेजारी शेजारी लिहा. मग गटवार निकाल बघा: विशेष शिक्षण घेणारी मुलं, इंग्रजी शिकणारी मुलं, कमी उत्पन्नाच्या घरची मुलं. आकड्याऐवजी फुली दिसली तर गट दहापेक्षा लहान असल्याने माहिती झाकलीय, काही गौडबंगाल नाही.

त्याच रिपोर्टमध्ये 'क्रॉनिक ॲबसेंटीझम' असतो, आणि मराठी घरं या आकड्यात नकळत भर घालतात. शाळेच्या दिवसांच्या १० टक्के किंवा जास्त गैरहजेरी म्हणजे क्रॉनिक. १८० दिवसांत १८. जानेवारीत तीन आठवडे मामाच्या लग्नाला पुण्याला गेलात की १५ गेले. वर तीन दिवस ताप आला की मुलगा यादीत. दिवाळीची सुट्टी राज्याच्या धार्मिक सणांच्या यादीत असल्याने ती यात धरत नाहीत. लग्न त्या यादीत नाही.

यशाचे आकडे कुठवर ताणायचे हा प्रश्न इथे नवा नाही. २०१५ मध्ये शेजारच्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या सुपरिन्टेंडंटनी पालकांना सोळा पानी पत्र लिहून मुलांवरच्या ताणाबद्दल बजावलं होतं. त्या डिस्ट्रिक्टने हायस्कूलच्या सहामाही आणि अंतिम परीक्षा काढून टाकल्या आणि त्यावरून पालकांत सरळ दोन तट पडले. डिस्ट्रिक्टचं पत्र नुसतं मिरवायला नसतं, हे त्या पत्रातून दिसलं.

आता पैसा. तुमचं खरं कोडं इथेच आहे.

मे ते ऑगस्ट ८ टक्के वाढ आणि 'फक्त २ टक्के', दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मालमत्ता कर फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशा चार हप्त्यांत येतो. पहिले दोन हप्ते तात्पुरते असतात, मागच्या वर्षीच्या एकूण कराच्या पाव-पाव. नवा दर उन्हाळ्यात ठरतो आणि सगळ्या वर्षाची वाढ शेवटच्या दोन हप्त्यांवर येऊन बसते. समजा मागच्या वर्षीचा कर १२,००० डॉलर होता आणि यंदा १२,४८० झाला, म्हणजे ४ टक्के वाढ. फेब्रुवारी आणि मेला ३,००० - ३,००० भरले. उरलेले ६,४८० ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये ३,२४० - ३,२४०. मेच्या शेजारी ऑगस्ट ठेवलं की ८ टक्के दिसणारच. तुमची वर्षाची वाढ किती, ते दोन वर्षांची एकूण रक्कम बघून काढा. कर मॉर्गेज कंपनी एस्क्रोतून, म्हणजे तुमच्या मासिक हप्त्यातून करासाठी बाजूला ठेवलेल्या खात्यातून, भरत असेल तर मागची तूट आणि पुढची वाढ एकदम धरल्याने मासिक हप्ता आणखीच उडी मारतो. त्याचं खापर शाळेवर फोडू नका.

४ टक्क्यांचे २ कसे झाले, हे पुढचं. बिलात शाळेचा, गावाचा आणि काउंटीचा कर वेगवेगळ्या ओळींत असतो. शाळेची ओळ सहसा सगळ्यात मोठी, निम्म्याच्या आसपास. २०१० च्या कायद्याने जी २ टक्क्यांची मर्यादा आहे ती 'लेव्ही'वर आहे, म्हणजे डिस्ट्रिक्टने सगळ्या गावाकडून मिळून उभारायच्या रकमेवर. तुमच्या घरावर नाही. शेजारच्या ऑफिस पार्कने अपील करून आपलं मूल्यांकन खाली आणलं किंवा गावात फेरमूल्यांकन झालं, की लेव्ही तेवढीच राहूनही तुमचा वाटा वाढतो. शिवाय मर्यादेला सवलती आहेत: आरोग्य विम्याचा वाढता खर्च, वाढलेली पटसंख्या आणि मागच्या तीन वर्षांत न वापरलेली वाढ, जिला इथे 'बँक्ड कॅप' म्हणतात. बाँडची, म्हणजे डिस्ट्रिक्टने काढलेल्या कर्जाची, परतफेड तर मर्यादेच्या बाहेरच. तेव्हा पत्रकातल्या २ टक्क्यांसमोर पेन्सिलने लिहा: कशाचे? जनरल फंडाच्या (रोजच्या खर्चाच्या मुख्य निधीच्या) लेव्हीचे, कर्जफेड धरून, की 'सरासरी घरा'चे?

उत्तर 'यूझर-फ्रेंडली बजेट'मध्ये, म्हणजे पालकांसाठी काढलेल्या बजेटच्या सारांशात आहे. नाव फसवं आहे, पण कागद कामाचा आहे आणि डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर असतो. पूर्ण वाचायला बसू नका. आधी उत्पन्नाच्या बाजूला 'बजेटेड फंड बॅलन्स' आणि राखीव निधीतून काढलेल्या रकमा या ओळी शोधा. ही गंगाजळी. तिच्यातून एकदाच छप्पर दुरुस्त केलं तर हरकत नाही. पण दर वर्षीचे पगार तिच्यातून भागत असतील तर दोन-तीन वर्षांत विहीर आटते. करोनाकाळातला केंद्राचा पैसा असाच अनेक ठिकाणी पगारांत गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची मुदत संपली आणि माणसं तिथेच राहिली. पुढे शिलकींचा तक्ता असतो, तो तीन वर्षांचा लावून बघा. इथे एक गैरसमज नेहमी दिसतो: 'एवढी शिल्लक असताना टॅक्स का वाढवता?' मोकळी शिल्लक जनरल फंडाच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त ठेवायला कायद्यानेच मनाई आहे (फार लहान डिस्ट्रिक्टना अडीच लाख डॉलरची सूट आहे). १० कोटींच्या बजेटला २० लाख. त्यावरची रक्कम पुढच्या बजेटमध्ये कर कमी करायला वापरावीच लागते. राज्याची मदत ऐनवेळी घटली तर हे २० लाख फार पुरत नाहीत.

मग खर्च. पगार आणि विमा मिळून त्यातला बहुतेक भाग खातात, आणि विमा २ टक्क्यांनी वाढत नाही. दुसरी जड ओळ म्हणजे बाहेरच्या विशेष शाळांची फी आणि त्यांची वाहतूक. एका मुलाचा खर्च खासगी शाळेत ५५,००० डॉलरच्या वर गेला तर राज्य वरच्या भागासाठी मदत देतं, पण पूर्ण देतंच असं नाही. या मुलांना शिकवणं कायद्याने बंधनकारक आहे. ही ओळ वाढली म्हणून सभेत त्यांच्या आईवडिलांकडे बोट दाखवणारे महाभाग निघतात. तुम्ही त्यात सामील होऊ नका.

कात्री लागते ती जिथे कायद्याचं बंधन नाही तिथे. उदाहरणार्थ बस. आठवीपर्यंत घर शाळेपासून २ मैलांपेक्षा लांब आणि त्यापुढे २.५ मैलांपेक्षा लांब असेल तरच बस देणं बंधनकारक आहे. त्याच्या आतली बस ही 'कर्टसी बस', आणि तूट आली की ती बंद करतात किंवा तिला फी लावतात. तुमचं अंतर आजच मोजा. दोघेही नोकरीवर असाल तर पुढच्या सप्टेंबरला तुमच्या घरात याचाच फरक सगळ्यात जास्त जाणवेल.

खर्च जास्त की कमी, हे शेजारणीच्या डिस्ट्रिक्टशी तुलना करून ठरवू नका. राज्य दर वर्षी 'टॅक्सपेयर्स गाइड टू एज्युकेशन स्पेंडिंग' काढतं. त्यात सारख्या आकाराच्या आणि सारख्या इयत्तांच्या डिस्ट्रिक्टचा दर विद्यार्थी खर्च एका गटात लावलेला असतो: वर्गातला वेगळा, प्रशासनाचा वेगळा. प्रशासनात गटात वरचे आणि वर्गात खालचे असाल तर विचारण्यासारखा प्रश्न मिळाला. शेवटचा कागद वार्षिक लेखापरीक्षणाचा. तो जाडजूड असतो, पण तुम्ही ऑडिटरच्या शिफारशींचं पान तेवढं बघा. तिथे तीच त्रुटी 'मागच्या वर्षीही होती' असं असेल तर विचारा, दुरुस्त का झाली नाही.

सुनावणी एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या आठवड्यात असते. मार्चमध्ये मंजूर झालेला मसुदा तोपर्यंत बदलता येतो, नंतर अवघड. प्रश्न दोन-तीन दिवस आधी डिस्ट्रिक्टचा जमाखर्च बघणाऱ्या बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरना ईमेल करा, सुपरिन्टेंडंटना नको. आकडे पहिल्याला तोंडपाठ असतात आणि आधी कळवलेल्या प्रश्नाचं उत्तर सभेत तयार मिळतं. काही कागद वेबसाइटवर नसेल तर डिस्ट्रिक्टचा 'ओप्रा' (सरकारी कागद मागायच्या कायद्याचा) फॉर्म भरून मागा, साधारण सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सभेत प्रत्येकाला तीन ते पाच मिनिटं मिळतात आणि बोर्डाचे लोक बरेचदा नुसतं ऐकून घेतात, त्यामुळे भाषण नको. एक प्रश्न, एक आकडा, त्याचा पान क्रमांक. तुमच्यासाठी असा: 'पान अमुकवर गंगाजळीतून इतके डॉलर घेतलेत. त्यातले किती दर वर्षीच्या खर्चासाठी आहेत, आणि पुढच्या वर्षी ती रक्कम नसेल तर कर्टसी बस आणि चौथी-पाचवीची वर्गसंख्या यांचं काय ठरलंय?' उत्तर 'नंतर कळवू' असं आलं, तर कोण कळवणार आणि कधीपर्यंत, हे माईक सोडण्याआधी विचारून घ्या. म्हणजे ते इतिवृत्तात येतं.